अंग बाहेर येतंय? लपवू नका, पिशवी काढणं हा एकच इलाज नाही

‘खाली काहीतरी लागतंय’, ‘खोकलं की लघवी होते’, ‘उकिडवं बसलं की गोळा हाताला येतो’. गावाकडच्या कितीतरी बायका हे वर्षानुवर्षं सोसतात. नवऱ्याला सांगायची लाज, सासूला सांगावं तर ‘आमच्याही येळला असंच होतं’ हे उत्तर ठरलेलं. मग लुगड्याची घडी लावून पुन्हा रानात. हा आजार बहुतेक वेळा जिवावर बेतणारा नसतो आणि त्यावर इलाजही आहेत. पण अंगावर काढलं तर त्रास वाढू शकतो, आणि घाईत चुकीचं ऑपरेशन झालं तर ते आयुष्यभर निस्तरावं लागतं.

नेमकं होतं काय?

ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंचा एक थर असतो. पिशवी म्हणजे गर्भाशय, लघवीची पिशवी आणि गुदाशय या तिघांना तो खालून आधार देतो. बाजेचं सुंभ सैल पडलं की मध्ये झोळ येतो ना, तसंच इथंही होतं. आधार ढिला पडला की वरचा अवयव खाली सरकतो. पिशवी खाली आली तर आपण ‘अंग बाहेर येणं’ किंवा ‘मायांग येणं’ म्हणतो. पण दर वेळी पिशवीच येते असं नाही. कधी पुढून लघवीची पिशवी उतरते, कधी मागून गुदाशयाचा फुगवटा येतो. म्हणूनच तपासणीशिवाय इलाज ठरवता येत नाही.

कारणं कोणती?

सगळ्यात मोठं कारण बाळंतपण. जास्त बाळंतपणं, खूप वेळ अडलेली प्रसूती, मोठ्या वजनाचं बाळ किंवा चिमटा लावून केलेली सुटका यात हे स्नायू ताणले जातात, कधी फाटतात. ते सावरायला वेळ लागतो. आपल्याकडे सव्वा महिना पाळायची रीत आहे, ती या दृष्टीने शहाणपणाचीच. पण हातावर पोट असलेल्या घरात तेवढा आराम मिळतो कुठं? ऊसतोडीच्या फडात बाई लवकरच मोळी उचलायला लागते.

डोक्यावरचे हंडे आणि खताच्या पाट्या, जुना खोकला, बद्धकोष्ठतेमुळे रोज जोर करणं, वाढलेलं वजन यांनीही तळावर दाब येतो. पाळी गेल्यावर शरीरातलं इस्ट्रोजेन कमी होतं आणि आधार आणखी सैल पडतो. म्हणून तरुणपणी झालेली इजा कधी कधी पन्नाशीनंतर उघडी पडते.

इलाज पायरीपायरीने

पहिली पायरी व्यायामाची. वारा सरताना आपण जसं रोखून धरतो, तसे खालचे स्नायू आत ओढून घ्या. पाच आकडे मोजा, मग तेवढाच वेळ ढिलं सोडा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. पोट किंवा मांड्या आवळायच्या नाहीत, श्वास रोखायचा नाही. लघवी करताना मध्येच थांबवून सराव करू नका. किमान तीन महिने नेटाने केलं तर खोकताना लघवी होणं आणि थोडंसं उतरलेलं अंग, दोन्हींत फरक पडू शकतो. पण पूर्ण बाहेर आलेलं अंग नुसत्या व्यायामाने आत जात नाही.

दुसरी पायरी रिंगची. डॉक्टर मापाची सिलिकॉनची रिंग आत बसवतात, ती अवयवाला खालून टेकू देते. ऑपरेशन नको असलेल्या किंवा सोसणार नाही अशा बायकांना तिचा मोठा उपयोग होतो. मात्र ठरलेल्या वेळी दाखवून ती साफ करून घ्यावी लागते, नाहीतर जखम होते.

तिसरी पायरी ऑपरेशन. त्यातही दर वेळी पिशवी काढावीच लागते असं नाही. मूल हवं असलेल्या तरुण बाईची पिशवी न काढता वर ओढून बांधता येते. मुंबईत काम केलेले डॉ. वि. ना. शिरोडकर आणि डॉ. बी. एन. पुरंदरे यांच्या नावाने अशा शस्त्रक्रिया ओळखल्या जातात.

पिशवी काढण्याआधी विचारा

बीड जिल्ह्यात ऊसतोड महिलांच्या पिशव्या मोठ्या प्रमाणावर काढल्या गेल्याचं 2019 मध्ये पुढं आलं. शासनाने त्यावर चौकशी समिती नेमली. सर्वेक्षणात 13 हजारांहून जास्त महिलांची पिशवी काढलेली आढळली.

सैल पडलेला आधार दुरुस्त न करता नुसती पिशवी काढली, तर योनीचा वरचा भाग पुन्हा खाली उतरू शकतो. सोबत अंडाशयंही काढली तर पाळी जाण्याचा त्रास अकाली सुरू होतो, हाडं ठिसूळ होतात. म्हणून डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा. कोणता अवयव उतरलाय? ऑपरेशनशिवाय काय करता येईल? अंडाशयं ठेवणार का? ‘कॅन्सर होईल’ अशी भीती कोणी घातली, तर तपासणीचा कागद मागा आणि दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घ्या. नुसतं अंग बाहेर आलं म्हणजे कॅन्सर नव्हे.

कधी थांबू नये?

लघवी अडली, बाहेर आलेलं अंग आत जाईना किंवा काळंनिळं पडलं, त्यावर जखम झाली, किंवा पाळी गेल्यानंतर रक्त गेलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

एरवी सुरुवात आशाताईंपासून करा. प्राथमिक आरोग्य केंद्रातून ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे चिठ्ठी मिळते. ऑपरेशन ठरलं तर ते महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतं का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारून घ्या.

आणि घरातल्या पुरुषांनो, बाळंतिणीच्या डोक्यावरचा हंडा काही महिने तुम्ही घेतलात, तर पुढचा बराचसा त्रास टळू शकतो.