कादंबरी पडद्यावर येताना

आवडत्या कादंबरीवर चित्रपट येणार असे कळले की वाचकाला आनंद होतो, आणि धाकधूकही वाटते. पुस्तक वाचताना त्याने पात्रांना चेहरे दिलेले असतात, घराचे दार कोणत्या दिशेला आहे तेही मनाशी ठरवलेले असते. बुलढाणा जिल्ह्यातल्या वाचकाच्या मनात आणखी एक प्रश्न असतो: आपली वऱ्हाडी पडद्यावर येईल का?

या जिल्ह्याने हा अनुभव एकदा घेतला आहे. सदानंद देशमुख यांच्या 'बारोमास' या कादंबरीला २००४ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. देशमुख मूळचे चिखली तालुक्यातल्या अमडापूरचे, म्हणजे घाटावरचे. याच जिल्ह्यातल्या संग्रामपूर तालुक्यातले वरवट बकाल हे गाव मात्र घाटाखाली येते. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. पाण्याची चव आणि जमिनीचा पोत वेगळा असला, तरी 'बारोमास'मधला एकनाथ इथल्या माणसाला परका वाटत नाही. तो शिकलेला आहे. पण नोकरीसाठी मागितला जाणारा पैसा घरात नाही, आणि शेती घराला पुरत नाही. कपाशी-सोयाबीनच्या शिवारात अशी घरे शोधायला लांब जावे लागत नाही.

या कादंबरीवर धीरज मेश्राम यांनी २०१२ मध्ये त्याच नावाचा चित्रपट केला. त्यात सीमा बिस्वास यांच्यासारखी कसलेली अभिनेत्री होती. मात्र चित्रपट हिंदीत होता. विदर्भातल्या शेतकऱ्याची व्यथा त्यामुळे देशभर कळू शकली, ही मोठीच गोष्ट. पण 'मले', 'तुले', 'काहून' ऐकत वाढलेल्या वाचकाचे काहीतरी त्यात हरवते. कादंबरीतला राग, लाचारी आणि जिव्हाळा बोलीच्या हेलातच मुरलेला असतो. कथानक तसेच ठेवले तरी तो हेल आपोआप सोबत येत नाही.

कादंबरीचा चित्रपट होताना काटछाट अटळ असते. पटकथेचे एक पान म्हणजे पडद्यावरचे साधारण एक मिनिट, असा ठोकताळा आहे. त्या हिशोबाने दोन तासांच्या चित्रपटाला सव्वाशेच्या आत पाने मिळतात. तीनशे पानांची कादंबरी त्यात बसवायची तर उपकथानके गळतात, दोन पात्रांचे एक होते, वर्षांचा काळ एका हंगामात आवळला जातो.

त्याहून कठीण असते मनातले बोलणे. मिलिंद बोकील यांची 'शाळा' ही कादंबरी तिचा नायक मुकुंद जोशी स्वतःच्या तोंडून सांगतो. सुजय डहाके यांच्या चित्रपटाला तेच नजरेतून आणि वर्गातल्या वातावरणातून दाखवावे लागले. आनंद यादवांच्या 'नटरंग'वर रवी जाधवांनी केलेला चित्रपट २०१० साली आला. त्यात गुणा पैलवानाचा नाच्या होतो, आणि अतुल कुलकर्णी यांनी हा बदल शरीरानेच दाखवला. कादंबरीत जे पानोपान सांगावे लागते, ते पडद्यावर खांदे आणि चाल बदलूनही कळते. चित्रपट कादंबरीपेक्षा कमीच असतो, हा समज म्हणूनच खरा नाही.

एका पुस्तकाचे दोन चित्रपटही होऊ शकतात. साने गुरुजींच्या 'श्यामची आई'वरील आचार्य अत्र्यांच्या १९५३ च्या चित्रपटाला पहिल्याच राष्ट्रीय पुरस्कारांत राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. सत्तर वर्षांनी, २०२३ मध्ये, डहाके यांनी तीच कथा पुन्हा पडद्यावर आणली, तीही कृष्णधवल रंगांत. जुन्या चित्रपटात वनमालाबाईंनी साकारलेली आई मनात कोरलेल्या प्रेक्षकाला नवी आई स्वीकारायला वेळ लागणार, हे साहजिकच आहे.

वऱ्हाडातल्या वाचकाने खरी वाट पाहावी ती उद्धव शेळके यांच्या 'धग'वरच्या चित्रपटाची. १९६० च्या या कादंबरीत कौतिक नावाची बाई शिंपीकाम करणाऱ्या महादेवचा संसार पोटाला चिमटा घेऊन ओढत राहते. तिचे बोलणे वऱ्हाडी, आणि तिचा स्वभाव त्या बोलण्यातूनच उलगडतो. २०१२ मध्ये 'धग' नावाचा मराठी चित्रपट आला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाले. पण ती स्मशानात काम करणाऱ्या कुटुंबाची कथा होती, शेळक्यांच्या कादंबरीशी तिचा संबंध नव्हता. कौतिकची भूमिका करणाऱ्या नटीला बोली मुळातूनच यायला हवी किंवा कष्टाने कमवायला हवी, कारण तिचे संवाद प्रमाण मराठीत घातले तर कौतिक उरणार नाही.

असा चित्रपट काढायचा तर पहिली पायरी हक्कांची आहे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे त्याच्या साहित्यावर वारसांचा किंवा ज्यांना हक्क दिले असतील त्यांचा अधिकार राहतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून 'श्यामची आई' २०११ पासून सर्वांसाठी खुली आहे. शेळके १९९२ मध्ये गेले. त्यामुळे 'धग'वर चित्रपट काढू पाहणाऱ्याला २०५२ संपेपर्यंत रीतसर परवानगी घ्यावी लागेल.