एएमटी मोटार सुटताना का थरथरते?
सोलापूर-तुळजापूर मार्गावर तामलवाडीच्या टोलनाक्यावर रांग लागली, की एएमटी मोटारीची थरथर विशेष जाणवते. भारतात २०१४ मध्ये मारुती सेलेरिओने हे तंत्र सर्वसामान्यांच्या आवाक्यात आणले. यात क्लचचे पेडल नसले, तरी क्लच असतोच. संगणकाच्या आज्ञेने एक यंत्रणा तो दाबते व सोडते. मोटार सुटताना क्लचप्लेट क्षणभर घसरत फ्लायव्हीलला धरते. रांगेत वारंवार घसरून ती तापते, गुळगुळीत होते. मग पकड एकसारखी न राहिल्याने हिसके बसतात. सैल इंजिन माउंटिंगनेही असे घडते. म्हणून पुढे पुरेशी जागा झाल्यावरच मोटार हलवावी. चढावर ती ॲक्सिलरेटरवर नव्हे, ब्रेकवर रोखावी. थरथर कायम राहिल्यास तपासणी लांबवू नये. फ्लायव्हीलही बिघडल्यास खर्च वाढतो.