इंग्रजी पत्रातील काळाचा मेळ

व्यापारी घराण्यांत पत्राला पूर्वीपासून मान आहे. माल कोणत्या दिवशी निघाला, हुंडी केव्हा पटली, येणे किती राहिले, हे कागदावर उतरल्याशिवाय व्यवहार पुरा झाला असे जुन्या पेढ्यांत कोणी मानीत नसे. आज त्या पत्रांची जागा अनेक ठिकाणी इंग्रजी ई-मेलने घेतली आहे. बँक, विमा कंपनी, वाहतूकदार, परप्रांतीय किंवा परदेशी खरेदीदार यांच्याशी होणारा हा पत्रव्यवहार बहुधा घरातील तरुण मुले-मुली आणि सुना सांभाळतात. त्यांचा शब्दसंग्रह चांगला असतो, स्पेलिंग संगणक तपासून देतो. तरीही पत्र वाचणाऱ्याला हकीकत नेमकी उलगडत नाही, असे पुष्कळदा घडते. शोध घेतला तर दोष क्रियापदांच्या काळात सापडतो. एकाच परिच्छेदात भूतकाळ, मध्येच वर्तमानकाळ आणि पुन्हा भूतकाळ अशी धरसोड झालेली असते.

मराठीची मोकळीक

या धरसोडीचे मूळ आळसात नाही, तर मातृभाषेच्या सवयीत आहे. दुकानाच्या मागच्या खोलीतून नोकर "आलोच, शेठ!" म्हणतो, तेव्हा तो अजून आलेला नसतो. "पैसे पाठवले म्हणून समजा" असे म्हणणाऱ्याने पैसे अद्याप पाठविलेले नसतात. हकीकत सांगताना "मी गोदामावर गेलो, बघतो तर काय, दाराला कुलूप!" असे म्हटले जाते. व्याकरणकार यालाच ऐतिहासिक वर्तमानकाळ म्हणतात. मराठी ऐकणाऱ्याचा यात कधी गोंधळ होत नाही, कारण प्रसंग, आवाज आणि ओळख त्याला साथ देतात.

इंग्रजी व्यापारी पत्राच्या वाचकाला यांपैकी काहीच उपलब्ध नसते. तो दूर बसलेला असतो आणि क्रियापदाच्या रूपावरूनच घटना झाली, होत आहे की व्हायची आहे, हे ठरवितो. 'वुई सेंट द पेमेंट' असे लिहिले, की रक्कम रवाना झाली असाच त्याचा अर्थ होतो. ती दोन दिवसांनी जायची असेल, तर लिहिणाऱ्याच्या मनात काहीही असो, पत्रातील विधान असत्य ठरते.

एक नमुना

पुढील मजकूर पाहावा: 'वुई डिस्पॅच्ड फॉर्टी बॅग्ज ऑन ट्वेल्थ जून. द ट्रक रीचेस युवर गोडाउन ऑन फोर्टीन्थ जून. युवर मॅन काउंट्स द बॅग्ज अँड साइन्स द रिसीट.' लिहिणाऱ्याला एवढेच सांगायचे आहे, की बारा तारखेला निघालेली चाळीस पोती चौदा तारखेला पोचली, मोजली गेली आणि पावतीवर सही झाली. परंतु इंग्रजीत ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे पुढे घडणाऱ्या गोष्टीसाठीही साधा वर्तमानकाळ वापरतात. त्यामुळे 'रीचेस' वाचून ट्रक अजून वाटेत आहे, असा अर्थ कोणी काढला तर त्याला दोष देता येणार नाही. मग 'काउंट्स' आणि 'साइन्स' म्हणजे मोजून घेण्याची नेहमीची रीत, असे वाटू लागते आणि माल मिळाल्याचा दावाच ढिला पडतो. 'रीच्ड', 'काउंटेड', 'साइन्ड' एवढी तीन रूपे बदलली, की हकीकत पक्की होते.

याचा अर्थ पूर्ण पत्र एकाच काळात लिहावे असा नाही. 'वुई डिस्पॅच्ड द गुड्स ऑन ट्वेल्थ जून. द बॅलन्स इज स्टिल ड्यू. वुई विल सेंड द नेक्स्ट लॉट आफ्टर पेमेंट' या वाक्यात तीन काळ आहेत आणि तिन्ही योग्य आहेत. माल गेला, बाकी आज शिल्लक आहे, पुढचा माल नंतर जाईल. घटनेची वेळ बदलली म्हणून काळ बदलला. वेळ तीच असताना काळ बदलणे, हा दोष होय. रोजमेळात एका तारखेची नोंद दुसऱ्या तारखेखाली जात नाही, तोच नियम येथे लागू होतो.

तीन नेहमीची ठिकाणे

पहिले ठिकाण 'हॅव'चे. "काल पैसे पाठवले आहेत" हे मराठी वाक्य निर्दोष आहे. त्याचे शब्दशः इंग्रजी, 'वुई हॅव सेंट द मनी यस्टर्डे', मात्र सदोष ठरते. संपलेल्या दिवसाचा उल्लेख आला की इंग्रजीला साधा भूतकाळ हवा: 'वुई सेंट'. दिवस सांगायचा नसेल आणि काम झाल्याचेच कळवायचे असेल, तर 'वुई हॅव सेंट' शोभते.

दुसरे ठिकाण 'हॅड'चे. "मी काल बाजारात गेलो होतो" असे मराठीत सहज म्हटले जाते. म्हणून इंग्रजीतही 'आय हॅड गॉन' लिहिले जाते. इंग्रजीत 'हॅड' दोन गतघटनांपैकी आधीची कोणती, हे दाखविण्यासाठी येतो. विमा कंपनीला पाठविलेल्या पत्रात हा भेद फार महत्त्वाचा ठरू शकतो. 'व्हेन द रेन बिगॅन, वुई हॅड कव्हर्ड द बेल्स' म्हणजे पाऊस येण्यापूर्वीच गाठी झाकलेल्या होत्या. 'व्हेन द रेन बिगॅन, वुई कव्हर्ड द बेल्स' म्हणजे पाऊस सुरू झाल्यावर झाकल्या. एका शब्दाने दक्षता दिसते किंवा विलंब दिसतो.

तिसरे ठिकाण दुसऱ्याचे म्हणणे सांगण्याचे. "दलाल म्हणाला की माल तयार आहे" यात मराठी मूळ वर्तमानकाळ तसाच राखते. इंग्रजीत 'ही सेड' नंतर सामान्यतः 'द गुड्स वेअर रेडी' असे येते. माल आजही तयार असेल तर 'आर' चालते. परंतु मग त्या विधानाची जबाबदारी काही अंशी पत्र लिहिणाऱ्याकडेही येते.

जेथे काळ म्हणजे कायदा

उधारीच्या व्यवहारात हा प्रश्न व्याकरणापुरता राहत नाही. १९६३ च्या मुदत कायद्यानुसार विकलेल्या मालाच्या किमतीसाठी दावा करण्याची मुदत साधारणतः तीन वर्षांची आहे. त्याच कायद्याच्या कलम १८ प्रमाणे, मुदत संपण्यापूर्वी देणेकऱ्याने सहीनिशी लेखी कबुली दिली, तर त्या सहीपासून नवी मुदत सुरू होते. ही कबुली कशी असावी, याविषयी सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये, आधीच्या कायद्याखाली, शापूर फ्रीडम मझदा विरुद्ध दुर्गाप्रसाद चमारिया या खटल्यात स्पष्ट केले, की विधान आज अस्तित्वात असलेल्या देण्याविषयी असले पाहिजे.

येथे 'इज' आणि 'वॉज' यांतील अंतर लक्षात येते. 'टू लॅक रुपीज इज ड्यू टू यू' हे आजच्या देण्याचे विधान आहे. 'टू लॅक रुपीज वॉज ड्यू' एवढेच लिहिले, तर एके काळी देणे होते, पुढे फिटले असावे, असा वाद उभा करता येतो. न्यायालय एका शब्दावर थांबत नाही, पत्राचा संपूर्ण आशय आणि परिस्थितीही पाहते, हे खरे. तथापि योग्य क्रियापदाने टळणारा वाद वकिलाच्या कचेरीपर्यंत का न्यावा? देणे मान्य करणाऱ्याने आणि कबुली मागणाऱ्यानेही पत्रातील काळ दोनदा वाचणे हिताचे असते.

तपासणीची साधी रीत

पत्र लिहिण्यास बसण्यापूर्वी मजकुराचा मुख्य काळ ठरवावा. घडलेली हकीकत भूतकाळात, मालाचे वर्णन, दर आणि शिल्लक वर्तमानकाळात, आश्वासन भविष्यकाळात. पत्र पूर्ण झाल्यावर केवळ क्रियापदांखाली रेघ ओढावी आणि प्रत्येकासमोर त्या घटनेची तारीख मनाशी लावून पाहावी. तारीख आणि रूप जुळत नसेल तेथे दुरुस्ती करावी. हे काम संगणकावर सर्वस्वी सोपवू नये. 'सेंट' आणि 'विल सेंड' ही दोन्ही रूपे त्याला शुद्धच दिसतात. पैसे खरोखर गेले की जायचे आहेत, हे पेढीवरच्या माणसालाच माहीत असते.

ज्या घरात तरुण पिढी पत्र लिहिते, तेथे वडीलधाऱ्यांनी इंग्रजी येत नाही म्हणून दूर राहण्याचे कारण नाही. प्रत्येक वाक्याचा अर्थ मराठीत विचारावा: हे झाले, होत आहे, की होणार आहे? उत्तर देताना लिहिणारा अडखळला, तर ते वाक्य पाठविण्यापूर्वी पुन्हा लिहावे.