ब्राउनी चाखायची कशी?

ब्रिटनमध्ये मे ते सप्टेंबर हे कृषी प्रदर्शनांचे दिवस. या प्रदर्शनांना तिकडे 'कंट्री शो' म्हणतात. यॉर्कशायरचे 'ग्रेट यॉर्कशायर शो' १८३८ साली पहिल्यांदा भरले, वेल्समधले 'रॉयल वेल्श शो' १९०४ साली. लहान खेड्यांची आपापली प्रदर्शने वेगळीच. बैल, मेंढ्या, घोडे, ट्रॅक्टर हा मुख्य भाग. पण एका तंबूत घरी केलेले केक, जॅम, चटण्या यांची स्पर्धा असते आणि बाहेर खाण्याच्या स्टॉलची रांग. या रांगेत हल्ली ब्राउनीचा स्टॉल हमखास सापडतो.

समजा, एका प्रदर्शनात ब्राउनीचे चार स्टॉल आहेत. आपण चारही ठिकाणी एकेक तुकडा तोंडात टाकला आणि म्हणालो, "तिसऱ्या स्टॉलची सगळ्यांत चांगली." हे विधान कितपत खरे मानायचे?

प्रश्न किरकोळ वाटेल. पण तंबूतले परीक्षकही एकामागून एक घास घेऊनच निर्णय देतात, आणि त्यावरून पहिल्या क्रमांकाचे कार्ड कोणाच्या ताटलीजवळ ठेवायचे ते ठरते. घरच्या ओव्हनमध्ये भाजून शनिवारच्या बाजारात विकणाऱ्या बाईच्या दृष्टीने त्या कार्डाला बरीच किंमत असते. आणि आपल्या दृष्टीने हा सरळसरळ मोजमापाचा प्रश्न आहे. घास हा नमुना आणि तोंड हे उपकरण. नमुना योग्य आहे का आणि उपकरण स्थिर आहे का, हे कोणत्याही प्रयोगात विचारायचे दोन प्रश्न इथेही विचारावे लागतात.

ब्राउनी म्हणजे काय?

ब्राउनी मूळची अमेरिकेची. शिकागो येथे १८९३ साली भरलेल्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी, डब्यात नेता येईल असा गोड पदार्थ म्हणून एका हॉटेलात ती तयार झाली अशी कहाणी सांगतात. कहाणीचे काहीही असो. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात चॉकलेट ब्राउनीची कृती अमेरिकी पाकपुस्तकांत छापली जात होती.

तिचा स्वभाव समजायला ब्रिटिश प्रदर्शनांचा लाडका 'व्हिक्टोरिया स्पंज' शेजारी ठेवून पाहावा. त्यात मैदा, साखर, लोणी आणि अंडी ही चारही सारख्या वजनाने घेतात. ब्राउनीत हा तोल मुद्दाम बिघडवलेला असतो. एका नेहमीच्या प्रमाणात २०० ग्रॅम चॉकलेट, २०० ग्रॅम लोणी, ३०० ग्रॅम साखर, ४ अंडी आणि मैदा मात्र जेमतेम १०० ते १३० ग्रॅम. म्हणजे साखर मैद्याच्या दुपटीहून अधिक.

याचे परिणाम काय होतात? केक 'उभा' राहतो तो दोन गोष्टींमुळे. मैद्यातील स्टार्चचे कण पाणी शोषून फुगतात आणि अंड्यातील प्रथिने उष्णतेने गोठतात. ब्राउनीत मुळात मैदा कमी. त्यात साखर पाणी धरून ठेवते, त्यामुळे स्टार्च फुगण्याचे आणि प्रथिने गोठण्याचे तापमान वर सरकते. भरपूर स्निग्धांश मैद्याच्या कणांभोवती लेप देतो आणि ग्लुटेनचे धागे नीट जुळू देत नाही. त्यातून ट्रे ओव्हनमधून थोडा लवकर काढतात. म्हणून आतला भाग केकसारखा जाळीदार न होता दाट, ओलसर राहतो. वर जो चकचकीत, कागदासारखा पापुद्रा येतो तो अंड्यात विरघळलेल्या साखरेचा. पृष्ठभागावरचे पाणी उडून गेले की मागे तो पातळ थर उरतो.

आणखी एक घटक म्हणजे चॉकलेटमधले कोको बटर. ते सुमारे ३४ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणजे शरीराच्या तापमानाच्या जरासे खाली. हाताला घट्ट लागणारी ब्राउनी तोंडात विरघळते ती यामुळे. लोण्यात मिसळल्यावर कोको बटर आणखी लवकर मऊ पडते. त्यामुळे सकाळी १५ अंशांना घट्ट, चिवट लागणारी ब्राउनी दुपारी उन्हातल्या स्टॉलवर लिबलिबीत झालेली असू शकते. ब्राउनी तीच, ट्रे तोच, फक्त घड्याळ पुढे गेलेले.

ट्रेमधला कोणता तुकडा?

आता नमुन्याकडे वळू. ब्राउनी चौकोनी ट्रेमध्ये भाजतात आणि मग कापतात. ४ × ४ असे १६ तुकडे केले तर त्यांत ४ कोपऱ्यांचे, ८ कडेचे आणि फक्त ४ मधले. ५ × ५ केले तर ४, १२ आणि ९. (६ × ६ चा हिशोब मुलांना करू द्यावा, सर्वसाधारण सूत्रही त्यांना सापडेल.)

ट्रेच्या धातूतून कडेला उष्णता लवकर पोचते. तिथले पाणी अधिक उडते, तापमान अधिक चढते आणि शर्करा व अमिनो आम्ले यांच्यात 'मेयार अभिक्रिया' होऊन खमंग वास आणि तपकिरी रंग येतो. लुई-कामीय मेयार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली तिचे वर्णन केले. पावाची पापडी किंवा भाजलेले शेंगदाणे खमंग लागतात त्यामागेही हीच अभिक्रिया. मधला तुकडा या बाबतीत मागे राहतो, पण मऊपणात पुढे जातो.

तेव्हा पहिल्या स्टॉलवर कोपऱ्याचा तुकडा आणि दुसऱ्यावर मधला तुकडा खाल्ला, तर आपण स्टॉलची तुलना केली की तुकड्यांच्या जागांची? चाखायला ठेवलेले बारीक तुकडे एका स्टॉलवर कडा छाटून केलेले असले आणि दुसऱ्यावर अख्खी ब्राउनी चिरून, तर हाच घोटाळा होतो. मातीचा नमुना घेताना बांधाजवळची माती घेऊ नये असे शेतकऱ्याला सांगतात, ते अशाच कारणासाठी.

उपकरण स्थिर नाही

जिभेबद्दल आधी एक जुना गैरसमज. टोकाला गोड, मागे कडू, बाजूंना आंबट असा जिभेचा नकाशा कित्येक पाठ्यपुस्तकांत वर्षानुवर्षे छापला गेला. त्याचे मूळ १९०१ सालच्या एका जर्मन शोधनिबंधात आहे. त्यात जिभेच्या भागाभागांत संवेदनक्षमतेचे किंचित फरक नोंदले होते. पुढे १९४२ सालच्या एका इंग्रजी ग्रंथातील मांडणीमुळे ते फरक फुगून दिसले आणि नकाशा तयार झाला. प्रत्यक्षात जिथे रुचिकलिका आहेत तिथे सगळ्याच चवी कळतात. मीठ किंवा साखरेचे पाणी कापसाच्या बोळ्याने जिभेच्या वेगवेगळ्या भागांवर लावून वर्गात हे सहज दाखवता येते. (बोळा प्रत्येकाचा वेगळा!)

आपण ज्याला 'चव' म्हणतो त्यात खरे तर नाकाचा वाटा मोठा असतो. घास चावताना त्याचा वास घशामागून नाकात चढतो. नाक चिमटीत धरून ब्राउनी खाल्ली तर गोड आणि किंचित कडू एवढेच कळते. चिमटी सोडली की चॉकलेट 'येते'. सर्दी झालेला परीक्षक म्हणजे निम्मे उपकरण बंद.

शिवाय हे उपकरण प्रत्येक मोजमापाबरोबर बदलते. पेढा खाऊन लगेच चहा घेतला की चहा अगोड लागतो, हे सगळ्यांना माहीत आहे. गोडाच्या संवेदनेला जीभ काही काळ सरावते. म्हणून अतिगोड ब्राउनीनंतर येणारी ब्राउनी बिचारी कडवट ठरते. दोन घासांमध्ये पाण्याची चूळ आणि थोडी विश्रांती घेतली तर हा परिणाम कमी होतो, पूर्ण जात नाही.

तापमानाचाही हात आहे. गोडाचा संदेश पुढे पोचवणारे टीआरपीएम५ नावाचे एक प्रथिन रुचिपेशींत असते. १५ ते ३५ अंशांच्या दरम्यान तापमान वाढेल तसे ते अधिक जोमाने काम करते, हे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. वितळलेले आइस्क्रीम नकोसे गोड का लागते, याचे उत्तर बहुधा इथेच आहे. म्हणजे उन्हातल्या स्टॉलची ब्राउनी मऊ तर लागेलच, वर गोडही लागेल.

आणि डोळे? अल्कलीची प्रक्रिया केलेली कोको पूड रंगाने गडद होते, पण साध्या पुडीपेक्षा तिचा स्वाद सौम्य असतो. पाहणाऱ्याला मात्र गडद ब्राउनीत चॉकलेट जास्त आहे असे वाटते. डोळा जिभेला कुठवर फसवू शकतो याचे प्रसिद्ध उदाहरण फ्रान्समधले आहे. बोर्दो येथे मद्यशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन लाल रंग मिसळून दिली, तेव्हा त्यांनी तिचे वर्णन तांबड्या वाइनच्या शब्दांत केले. हे काम २००१ साली प्रसिद्ध झाले. ते विद्यार्थी नवखे नव्हते, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

घासाच्या आकाराची गोष्टही दुर्लक्ष करण्याजोगी नाही. कोका-कोला कंपनीने सुमारे दोन लाख चव-चाचण्या घेऊन १९८५ च्या एप्रिलमध्ये पेयाची चव बदलली. चाचण्यांत लोकांना नवे, अधिक गोड पेय आवडले होते. प्रत्यक्षात लोक इतके संतापले की जुलैमध्ये जुने पेय परत आणावे लागले. नाराजीची कारणे अनेक होती, पण एक मुद्दा चव-परीक्षणाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे: घोटभर चाखताना गोड बाजी मारते, बाटलीभर पिताना तेच जड होते. नखाएवढ्या तुकड्यावरून अख्खी ब्राउनी जोखणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

शेतातून आलेला उपाय

इतक्या अडचणी असताना तुलना करायची तरी कशी? उपाय इंग्लंडमधल्याच एका कृषी संशोधन केंद्रातून आला. रॉथमस्टेड येथे १९१९ साली रुजू झालेल्या रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञापुढे शेताचा प्रश्न होता. एकाच शेतात कुठे जमीन कसदार, कुठे हलकी. मग खतांची तुलना न्याय्य कशी होणार? जमीन सारखी करता येत नाही. पण प्रत्येक खताला चांगल्या-वाईट जागा सारख्याच वाट्याला येतील अशी मांडणी करता येते, आणि उरलेले चिठ्ठ्या टाकून नशिबावर सोपवता येते. जिभेचेही तसेच. पहिला घास आणि चौथा घास या जणू वेगवेगळ्या कसाच्या जमिनी. चार स्टॉलना क, ख, ग, घ म्हटले तर चार चाखणाऱ्यांना पुढील क्रम द्यावेत:

क ख घ ग
ख ग क घ
ग घ ख क
घ क ग ख

यात प्रत्येक ब्राउनी पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या जागी एकेकदा येते. इतकेच नव्हे, तर प्रत्येक ब्राउनी इतर प्रत्येकीच्या लगेच नंतर बरोबर एकदाच येते. पडताळून पाहा, गंमत वाटेल. अतिगोड ब्राउनीच्या मागे येण्याचा तोटा आता एकाच स्टॉलला सोसावा लागत नाही.

याच रॉथमस्टेडमध्ये एका सहकारी बाईंनी चहाच्या वेळी सांगितले, की कपात आधी दूध घातले की आधी चहा, हे मला चवीवरून कळते. फिशरने १९३५ सालच्या आपल्या पुस्तकात हा प्रसंग घेऊन प्रयोग मांडला. आठ कप, चार एका प्रकारचे आणि चार दुसऱ्या, क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवलेला. आठांतून चार निवडण्याचे ७० मार्ग आहेत. तेव्हा केवळ अंदाजाने सगळे बरोबर येण्याची शक्यता ७० त १.

मला यातली महत्त्वाची गोष्ट वाटते ती प्रश्नांच्या क्रमाची. 'कोणती चांगली?' हे विचारण्याआधी 'फरक कळतो का?' हे विचारायला हवे. खाद्यपदार्थांच्या प्रयोगशाळांत त्यासाठी 'त्रिकोण चाचणी' वापरतात. प्रत्येकाला तीन तुकडे द्यायचे, दोन एका स्टॉलचे आणि एक दुसऱ्याचा. वेगळा कोणता ते ओळखायचे. तुकड्यांवर ४८२, ७१५ असे मनमानी तीन आकडी क्रमांक घालतात, कारण '१' किंवा 'अ' लिहिले की मनात लगेच पहिला नंबर उभा राहतो. नुसत्या अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता एक तृतीयांश. १२ जणांत अंदाजानेच सरासरी ४ जण बरोबर येतील. ८ किंवा अधिक जण अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता शंभरात २ पेक्षाही कमी; ७ किंवा अधिकसाठी ती शंभरात साडेसहाच्या आसपास. अकरावी-बारावीच्या मुलांनी द्विपद विस्तार वापरून हे आकडे काढून पाहावेत.

वर्गात करायचे तर ब्राउनीच हवी असे नाही. दोन बेकऱ्यांची नानखटाई किंवा दोन दुकानांची शेंगदाण्याची चिक्की चालेल. तुकडे सारख्या आकाराचे, सारख्या तापमानाचे, रंगात फरक दिसत असेल तर डोळ्यांवर पट्टी. क्रमांक घालणारा आणि तुकडे वाटणारा वेगवेगळे असावेत, म्हणजे वाटणाऱ्याच्या चेहऱ्यावरून उत्तर फुटणार नाही. त्याआधी मात्र शेंगदाणा, गहू, दूध, अंडी, तीळ यांपैकी कशाची अ‍ॅलर्जी आहे का, हे प्रत्येक मुलाला आणि त्याच्या घरी विचारलेच पाहिजे. २०१६ साली विकतच्या पावातील तिळामुळे एका १५ वर्षांच्या ब्रिटिश मुलीचा मृत्यू झाला. वेष्टनावर तिळाचा उल्लेख नव्हता. त्यानंतर कायदा बदलला. ऑक्टोबर २०२१ पासून तिथे विक्रीच्या जागीच बांधून ठेवलेल्या पदार्थांवरही घटकांची पूर्ण यादी, आणि त्यात १४ अ‍ॅलर्जीकारक घटक ठळक अक्षरांत, छापावे लागतात. बाजारातल्या घरगुती ब्राउनीच्या पाकिटालाही हा नियम लागू पडतो.

प्रयोगात १२ पैकी ५ जणच बरोबर आले तर मुले म्हणतील, "दोन्ही सारख्याच आहेत." तसे सिद्ध झालेले नसते, एवढ्या माणसांत फरक दाखवता आला नाही, इतकेच. आणि ९ जण बरोबर आले तर लगेच बेकरीला श्रेय देऊ नये. त्याच दिवशी त्याच मुलांना एकाच बेकरीच्या एकाच ट्रेमधले कडेचे आणि मधले तुकडे देऊन तीच चाचणी पुन्हा करावी, आणि त्यात किती जण बरोबर येतात ते पाहावे.