कैदखान्याच्या भिंतीवरची अरबी अक्षरे

इतिहासाचा धडा पाठ होतो, पण मूळ कागद हातात आला की प्रश्न पडू लागतात. अमेरिकेची लायब्ररी ऑफ काँग्रेस आपल्या संग्रहातील जुनी पत्रे, छायाचित्रे, नकाशे शिक्षकांना खुले करून देते आणि मुलांना तीन गोष्टी करायला सांगते: नीट पाहा, विचार करा, प्रश्न विचारा.

याच संग्रहात उमर इब्न सईद यांचे हस्तलिखित आहे. त्यांचा जन्म १७७० च्या सुमारास आजच्या सेनेगलच्या परिसरात झाला. कित्येक वर्षे त्यांनी दीनी शिक्षण घेतले. १८०७ मध्ये त्यांना पकडून चार्ल्स्टनच्या बाजारात विकले गेले. मालक क्रूर निघाला. ते पळाले, पण पकडले गेले आणि नॉर्थ कॅरोलिनातील फेयटव्हिलच्या तुरुंगात पडले. तिथल्या भिंतींवर त्यांनी अरबीत लिहिले आणि लोक थक्क झाले. ज्याला अडाणी समजत होते, तो आलिम निघाला!

पुढे जेम्स ओवेन यांनी त्यांना विकत घेतले. त्या काळच्या गोऱ्या लेखकांनी उमर यांना समाधानी, कृतज्ञ नोकर म्हणून रंगवले. १८३१ मध्ये मात्र उमर यांनी स्वतःच्या हाताने अरबीत आत्मवृत्त लिहिले. त्यात ओवेन यांची स्तुती आहे, पण सुरुवात आहे सूरह अल्-मुल्कने. सारी सत्ता अल्लाहचीच, असे सांगणारी ही सूरह.

वर्गात हे दोन्ही पुरावे शेजारी ठेवले की मुले विचारतात: दुसऱ्याच्या मालकीचा माणूस नेमकी हीच सूरह का लिहितो? मालकाची स्तुती मनापासून होती की भीतीपोटी? चर्चच्या दप्तरात त्यांच्या ख्रिस्ती होण्याची नोंद आहे, मग कुरआनच्या या आयती कशासाठी? अभ्यासकांतही यावर एकमत नाही. पण उत्तरापेक्षा प्रश्न विचारण्याची सवय मोलाची. कोणी लिहिले, केव्हा, कोणासाठी, आणि काय लिहिता आले नसेल?

उमर स्वतंत्र न होताच वारले. त्यांचे शब्द मात्र उरले. २०१७ मध्ये लायब्ररीने हे हस्तलिखित मिळवले. आता त्याची पाने इंटरनेटवर कोणालाही पाहता येतात.

आपल्याही घरात पेटीच्या तळाशी दादांची पत्रे, नानीचा निकाहनामा, जमिनीचा जुना कागद असेल. एखाद्या सुट्टीच्या दिवशी तो मुलांसमोर उलगडा आणि हेच प्रश्न विचारू द्या. दुसऱ्याने आपल्याविषयी लिहिलेले वाचताना मग ती डोळे मिटून मान डोलावणार नाहीत.