दिवाळीची पोस्त आणि बोनसचा हिशेब

दिवाळी आठ दिवसांवर आली म्हणजे आपल्या दाराशी येणारी माणसे जरा जास्त वेळ उभी राहू लागतात. पोस्टमन पत्र देऊन लगेच वळत नाही, पेपरवाला पोरगा घंटी वाजवून पळत नाही, आणि एरवी ‘येते हं बाई’ म्हणता म्हणता अर्धा जिना उतरणारी कामवाली पदर सावरीत चौकटीपाशी थांबते. घरच्या बाईने काय ते ओळखावे, आत जावे आणि पाकीट व फराळाचा पुडा आणून हातावर ठेवावा. याला आपल्याकडे पोस्त म्हणतात. किती द्यायची याला नियम नाही. गेल्या वर्षी किती मिळाली हे घेणाराला पक्के आठवते, देणाराला मुळीच आठवत नाही, एवढाच काय तो तिचा जमाखर्च!

पोस्तीबद्दल कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही. तक्रार आहे ती दुकाने, पेढ्या, दवाखाने, छापखाने आणि शिकवण्यांचे वर्ग चालवणाऱ्या मंडळींबद्दल. कारण ही मंडळी बोनसही पोस्तीसारखाच वाटतात. जुन्या माणसाला चार पैसे जास्त, गणपतीत लांब रजा घेतली त्याला थोडे कमी, पुढे पुढे करणाराला गुपचूप आणखी एक नोट, आणि हंगाम संपवून घरी गेलेल्याला काहीच नाही. मालकाच्या मनात खोट असते असे नाही. ‘आम्ही काही गिरणी चालवीत नाही, बोनसचा कायदा आम्हाला कुठला?’ असे तो अगदी प्रामाणिकपणे समजतो.

हा समज कुठे ठेचाळतो ते पाहायचे तर निफाडला चलावे. नाशिक जिल्ह्यातले, मुंबई-भुसावळ लोहमार्गावरचे हे तालुक्याचे गाव. त्याची थंडी हिवाळ्यात दरवर्षी वर्तमानपत्रांत येते, आणि द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून बागाईतदार रात्री बागेत शेकोट्या पेटवून बसतात. तालुक्यात लासलगावची कांद्याची जगप्रसिद्ध बाजारपेठ आहे, पिंपळगाव बसवंतचा टोमॅटो आणि द्राक्षांचा बाजार आहे, ओझरला विमानांचा कारखाना आहे. पण ओझर वगळले तर बहुतेक व्यवहार लहान हातांचा: कांद्याची खळी, द्राक्षांची पॅकहाऊसे, खता-औषधांची दुकाने, ट्रॅक्टर दुरुस्तीचे गाळे. कायमची माणसे पाच-सहा. आणि हंगाम आला की बायकांचा मोठा मेळा.

योगायोग असा, की ज्या दोन माणसांची आठवण या विषयात हटकून व्हावी ती दोघेही याच तालुक्यात जन्मली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १८४२ साली निफाडला जन्मले. १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी हिंदी अर्थशास्त्रावर जे व्याख्यान दिले, त्यात पाश्चात्त्य पंडितांचे सिद्धांत जसेच्या तसे आपल्याकडे लावता येत नाहीत हा त्यांचा मुद्दा होता. आपल्या देशात चढाओढीपेक्षा रूढी बलवान आहे, असे ते सांगत होते. दुसरे श्रीपाद अमृत डांगे. त्यांचा जन्म १८९९ साली याच तालुक्यातल्या करंजगावचा. त्यांचे नाव मुंबईच्या गिरणी कामगारांच्या लढ्याशी कायमचे जोडले गेले. बोनसची कथा या दोघांच्या मधोमध पडते. तो रूढी म्हणून आला आणि भांडून हक्क झाला.

आला तो पहिल्या महायुद्धात. गिरण्यांना अमाप नफा होत होता, महागाईने कामगार मेटाकुटीला आला होता. तेव्हा १९१७ साली मुंबईच्या गिरण्यांनी पगारावर शेकडा दहा असा युद्धबोनस सुरू केला. पुढे तो दरसाल मिळू लागला, आणि दरसाल मिळणारी गोष्ट माणूस घरखर्चात धरतो. मग मंदीचे निमित्त होऊन तो थांबला, आणि १९२४ च्या आरंभी मुंबईत मोठा संप झाला. मुख्य न्यायमूर्ती सर नॉर्मन मॅक्लिओड यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. तिने निवाडा दिला की या बोनसवर कामगारांचा कायद्याने सांगता येईल असा हक्क नाही. म्हणजे तेव्हा तरी बोनस ही पोस्तच ठरली!

ती पोस्त राहिली नाही याचे श्रेय पुढच्या चाळीस वर्षांच्या झगड्याला. १९५० साली मुंबईच्या गिरण्यांच्या तंट्यात लेबर अपेलेट ट्रायब्युनलने एक सूत्र बांधून दिले: नफ्यातून घसारा, यंत्रांच्या नूतनीकरणाची तरतूद आणि भांडवलावरचा वाजवी परतावा काढून ठेवा, उरेल त्यात कामगारांचाही वाटा. १९६१ साली मेहेर यांच्या अध्यक्षतेखाली बोनस आयोग नेमला गेला, आणि १९६५ साली बोनसचा कायदाच झाला. कमीत कमी बोनस वर्षाच्या पगाराच्या शेकडा चार, जास्तीत जास्त शेकडा वीस. १९७२ साली चाराचे ८.३३ झाले. आणीबाणीत १९७५ साली त्याला कात्री लागली, १९७७ साली ते परत आले. ८.३३ हा आकडा विचित्र दिसतो खरा, पण तो बारावा भाग आहे. वर्षभराच्या पगाराचा एक महिना.

इथे मोबाइलवर दर दिवाळीला फिरणाऱ्या एका गोष्टीचा निकाल लावून टाकू. ती अशी, की पूर्वी पगार आठवड्याला मिळे. चार आठवड्यांचा एक असे वर्षाचे तेरा पगार होत. इंग्रजांनी महिन्याचा पगार सुरू करून एक पगार गिळला आणि तोच पुढे बोनस म्हणून परत करावा लागला. गोष्ट छान आहे. पण आरंभी बोनस होता शेकडा दहा, कायद्यात आला शेकडा चार, आणि एका महिन्याचा हिशेब जमला तो १९७२ साली. गिळलेला पगार परत करायला इतके आडवळण कोणी घेत नाही.

आता आजचा कायदा. १९६५ चा कायदा जाऊन त्याच्या जागी २०१९ ची वेतन संहिता आली आणि ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आहे. बोनसचा गाभा तोच राहिला. ज्या आस्थापनेत वर्षातल्या कोणत्याही एका दिवशी वीस किंवा अधिक माणसे कामाला होती, तिला बोनस देणे भाग आहे. पूर्वी विजेवर चालणारा दहा माणसांचा कारखानाही या कायद्यात येत असे. आता वीसचीच अट आहे. ज्याने त्या वर्षात निदान तीस दिवस काम केले तो बोनसला पात्र. पगाराची वरची मर्यादा सरकार अधिसूचनेने ठरवते; जुन्या कायद्याखाली २०१४ पासून ती महिना २१,००० रुपये होती.

‘कोणत्याही एका दिवशी’ हे शब्द निफाडच्या पॅकहाऊसवाल्याने दोनदा वाचावेत. समजा, त्याच्याकडे कायमची सहा माणसे आहेत, आणि जानेवारीत माल सुरू झाला की पंचवीस बायका येतात. काही गावातल्या, काही पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या. दिवाळीत तो सहा पाकिटे भरतो आणि सुटलो म्हणतो. पण कायदा दिवाळीतली डोकी मोजीत नाही. ऐन हंगामातली एकतीस मोजतो.

त्यातली एक बाई घेऊ. जानेवारी ते मार्चअखेर बहात्तर दिवस तिने घड कात्रीने साफ केले, पेट्या भरल्या. रोज चारशे रुपये मजुरी, आणि ती किमान वेतनाइतकीच धरू. तिची कमाई झाली २८,८०० रुपये. त्याचा बारावा भाग २,४००. हे तिचे पैसे आहेत. ते तिला मिळत नाहीत याचे कारण मालकाचा कंजूषपणा असतोच असे नाही. पाकिटे भरायच्या वेळी ती समोर नसते, हेच बहुधा कारण असते. पोस्त समोर उभे राहणाराला मिळते. दाराशी न आलेल्या पोस्टमनाच्या घरी जाऊन कोणी ती देत नाही. बोनसचे तसे नाही. आणि २,४०० रुपये म्हणजे तिच्या सहा दिवसांची मजुरी. मुलांचे कपडे, तेलाचा डबा, दुकानदाराची थोडीशी उधारी, इतके त्यात बसते.

घोटाळ्याचे आणखी एक मूळ कालगणनेत आहे. पूर्वी व्यापाऱ्याचे वर्ष दिवाळीलाच संपे. लक्ष्मीपूजनाला नव्या वह्यांची पूजा, पाडव्याला पहिली नोंद. नफा-तोटा डोळ्यांसमोर असतानाच माणसांचे देणे दिले जाई. १९८९ पासून प्राप्तिकरासाठी सर्वांचेच वर्ष ३१ मार्चला संपू लागले. त्यामुळे या दिवाळीला जो बोनस द्यायचा, तो गेल्या मार्चला संपलेल्या वर्षाचा. एप्रिलनंतरचे दिवस पुढच्या वर्षीच्या हिशेबात. कायद्याने वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांची मुदत दिली आहे. ती ३० नोव्हेंबरला भरते, आणि दिवाळी त्याआधी येऊन गेलेली असते. रूढी आणि कायदा यांचे इतके चांगले जमलेले क्वचितच आढळेल.

तोटा झाला तर? कांद्याच्या मुलुखात हा प्रश्न नेहमीचाच. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली आणि मे २०२४ मध्ये उघडली. अशा वर्षी खळेवाल्याने नफा कुठून आणावा? कायद्याचे उत्तर कडक आहे: बारावा भाग तोट्यातही द्यायचा. नवा धंदा असेल तर पहिली पाच वर्षे सवलत आहे. ज्या वर्षी नफा, त्याच वर्षी बोनस. उलट भाव गगनाला भिडला आणि वाटण्याजोगी शिल्लक उरली, तर शेकडा वीसपर्यंत जावे लागते. चढत्या वर्षी बारावा भागच देऊन गप्प बसायचे आणि पडत्या वर्षी मात्र कायदा अन्यायाचा म्हणायचे, हे बरोबर दिसत नाही.

वजावटीच्या बाबतीत तर गंमतच असते. ‘उचल घेतली होती, ती बोनसमधून वळती केली,’ असे सर्रास ऐकू येते. बोनसच्या कायद्यात वजा करण्याजोग्या गोष्टी दोनच आहेत: त्याच वर्षाच्या बोनसपोटी सणाला आधीच दिलेली रक्कम, आणि गैरवर्तनामुळे मालकाचे त्या वर्षी झालेले नुकसान. उचल त्यांत नाही. तिचा हिशेब निराळा ठेवावा. मिठाईचा डबा, साडी, स्टीलचे भांडे यांनीही बोनस फिटत नाही. द्यायचे असेल तर खुशाल द्यावे, ती पोस्त! बोनस आता ज्याच्या त्याच्या बँकेच्या खात्यात जमा करायचा आहे. मुकादमाच्या हाती गठ्ठा देऊन ‘वाटून टाक रे’ म्हटल्याने काम भागत नाही. मुकादम कंत्राटदार म्हणून माणसे पुरवीत असेल, तर बोनस कोणी द्यायचा हे हंगामाआधीच लिहून घेतलेले बरे. बाळंतपणाची पगारी रजा कामाचेच दिवस म्हणून धरतात, हेही पुष्कळांना ठाऊक नसते. आणि बोनस कमी बसावा म्हणून पगाराचे भत्त्यांत तुकडे पाडण्याची जी जुनी युक्ती, तिला संहितेने लगाम घातला आहे: वगळलेले भत्ते निम्म्याच्या वर गेले की वरचा भाग पगारातच धरायचा.

राहिली ती वीसच्या आतली दुकाने. मेडिकल स्टोअरमधली तीन मुले, डॉक्टरांचा कंपाउंडर, छापखान्यातले चार कामगार. इथे कायदा हात टेकतो, आणि रानड्यांनी सांगितलेली रूढी पुढे येते. माझे मत असे, की मालकाने मोकळीक जरूर घ्यावी, पण माप एकच ठेवावे. वर्षाच्या पगाराचा बारावा भाग, किंवा झेपत नसेल तर विसावा; पण तो सर्वांना, आणि दसऱ्याच्या आधी सांगून. ऐन धनत्रयोदशीला पाकीट उघडून कमी नोटा पाहणाऱ्या माणसाला बायकोला काय सांगावे हे कळत नाही. शेजारच्या पाकिटात किती हे तर संध्याकाळपर्यंत सर्वांना कळतेच. दुकानात गुपित राहते ते फक्त मालकाच्या समजुतीत. एखाद्याने खरोखरच जास्त काम केले असेल तर त्याला बक्षीस द्यावे, पण त्याला बक्षीस म्हणावे आणि का दिले ते चारचौघांत सांगावे.

आपल्या घरांतही हेच माप चालते. कामवाल्या बाईंना दिवाळीला एका महिन्याचा पगार द्यायचा, ही चाल शहरांतून आता रुजली आहे. त्या चार महिन्यांपूर्वीच कामाला लागल्या असतील, तर चार बारांश, म्हणजे पगाराचा एक तृतीयांश. जुन्या बाई दिवाळीच्या दोन महिने आधी काम सोडून गेल्या असतील, तर त्यांचे दहा बारांश कुठे गेले, हे मात्र कोणत्याच घरात कोणी विचारीत नाही!

निफाडकडे त्या दिवसांत द्राक्षाची गोडी छाटणी उरकत आलेली असते. कोवळ्या फुटी निघतात, विरळणीला माणसे लागतात, आणि मार्चपर्यंत पेट्या भरणाऱ्या त्याच बायकांपैकी कितीतरी जणी पुन्हा बागेत आलेल्या असतात. हजेरीपटात नाव आहे, दिवस मोजलेले आहेत. पासबुकाची झेरॉक्स मागायला मालकाला बांधापलीकडे जावे लागत नाही.