जर्मन अधिकाऱ्यांचे टोप : संग्रह आणि पारख

यवतमाळसारख्या कापसाच्या मुलखात बसून जर्मन सेनाधिकाऱ्यांच्या टोपांची चर्चा कशाला, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पण 28 ऑक्टोबर 1914 रोजी फ्रान्समधील नव शापेल या गावावर जे सैनिक चालून गेले, त्यांत आपल्या खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या 20 व 21 क्रमांकाच्या कंपन्या होत्या. या पथकांत मराठ्यांचीही भरती होत असे. पूल बांधणारे आणि सुरुंग लावणारे हे लोक त्या दिवशी संगिनी घेऊन लढले. त्यांचे जवळजवळ सर्व अधिकारी ठार वा जखमी झाले. आमच्या शिपायांच्या डोक्याला फेटा होता आणि जर्मनांच्या डोक्यावर चामड्याचा टोप. गोळीपुढे दोन्ही सारखेच निरुपयोगी!

हा टोप म्हणजे प्रशियाचे 'पिकलहाउब'. 1842 साली राजा चौथा फ्रीड्रिख विल्हेल्म याने तो आपल्या सैन्याला दिला. कडक केलेले चामडे, समोर धातूचा गरुड, माथ्यावर अणकुचीदार टोक. तोफखान्याच्या टोपावर टोकाऐवजी गोळा असे. महायुद्धात नाकेबंदीमुळे चामड्याची चणचण पडली, तेव्हा नमद्याचे आणि पत्र्याचेही टोप निघाले. 1916 पासून पोलादी शिरस्त्राण आले आणि टोकदार टोप रणांगणावरून मागे पडला.

संग्राहकाला अधिकाऱ्याच्या टोपाचे मोल अधिक वाटते, त्याला कारण आहे. साध्या शिपायाला टोप सरकारी कोठारातून मिळे आणि त्यावर पलटणीचा शिक्का असे. अधिकारी मात्र तो स्वतःच्या पैशाने दुकानदाराकडून घेई. म्हणून त्याचे चामडे तलम, आत रेशमी अस्तर, गरुडावर सोन्याचा मुलामा. टोकाच्या बुडाशी मण्यांसारखी नक्षीदार कडी आणि बैठकीवर चांदण्यांच्या आकाराच्या खिळ्या दिसल्या, म्हणजे बहुधा अधिकाऱ्याचा टोप समजावा. गरुडाच्या छातीवर विशिष्ट क्रूस असेल तर तो राखीव दलातला अधिकारी. म्हणजे एरवी मास्तर, वकील किंवा कारकून असू शकेल असा गृहस्थ. आम्हांला हे टोप सर्वांत बोलके वाटतात.

'बहुधा' हा शब्द आम्ही मुद्दाम घातला. शिपायाच्या टोपाला अधिकाऱ्याचा गरुड आणि टोक जोडून चढ्या किमतीस विकणारे व्यापारी काही थोडे नाहीत. म्हणून आधी भोके पाहावीत. मूळ गरुडाला लागणाऱ्या भोकांखेरीज आणखी भोके असली, किंवा चामड्यावर दुसऱ्याच गरुडाची सावली उमटलेली दिसली, तर तो टोप दोन-तीन टोपांचे मिळून केलेले गाठोडे समजावे. आतला घामपट्टा कोरा करकरीत असेल, तरीही शंका घ्यावी. डोक्यावर राहिलेल्या वस्तूवर डोक्याची खूण उरतेच.

पुण्याच्या दिनकर केळकरांनी दिवे आणि अडकित्ते जमविले, त्यांतही मौज हीच की प्रत्येक वस्तू कोणाच्या तरी हाताने झिजलेली आहे. ही झीज पुसून टाकणारा संग्राहक आपल्याच ठेव्यावर पाणी सोडतो. आपल्याकडे पितळ दिसले की चिंच लावून घासण्याची सवय. सोन्याचा मुलामा असा घासल्यास निघून जातो, आणि गेलेला परत येत नाही. चामड्याला तेल चोपडणेही नको. विदर्भाचा उन्हाळा चामड्याला तडे पाडतो आणि पावसाळा बुरशी आणतो. तेव्हा उन्हापासून दूर, हवा खेळती राहील अशा जागी, आत मऊ कागद भरून टोप ठेवावा. टोकाला धरून तो कधीही उचलू नये.

आपल्या 1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू खासगी माणसाला परदेशी धाडता येत नाही. महायुद्धाआधीचे टोप आता त्या वयाचे झाले आहेत, एवढे विक्रीचा विचार करणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

बरेचसे टोप विजेत्यांनी मेलेल्यांच्या आणि कैद्यांच्या डोक्यांवरून उतरवून घरी नेले. पुढे ते हातोहात फिरले आणि कोठून आले हे सांगणारे कोणी उरले नाही. पण काही टोपांच्या अस्तराआड मालकाचे नाव लिहिलेली चिठ्ठी अजून सापडते. अशी चिठ्ठी हाती लागली तर ती काढून घेऊ नये. नाव वहीत उतरून घ्यावे, टोप कोणाकडून आणि केव्हा मिळाला तेही लिहावे, आणि चिठ्ठी होती तेथेच राहू द्यावी.